तेजीत 'कोणता शेअर' नंतर, आधी 'किती रुपये'

वाचकाचं पत्र : मी सांगलीजवळच्या गावात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. वडिलोपार्जित शेतजमीन विकली, माझ्या वाट्याला १२ लाख रुपये आले. चार महिने ते इथल्या सहकारी बँकेत बचत खात्यावर पडून आहेत. घरखर्च महिना ३५ हजार, दोघांच्या पगारातून २० हजार शिल्लक राहतात. घरकर्ज ११ लाख बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. फी वर्षाला दीड लाख धरली आहे. अडीअडचणीसाठी म्हणून वेगळे ४० हजार आहेत. तीन वर्षांत थोडे थोडे करून १९ कंपन्यांचे शेअर झालेत, आजची किंमत साडेतीन लाख. त्यातला एक ४० हजारांचा १ लाख ३० हजार झालाय. भाऊ म्हणतो, बँकेत पैसे कुजवू नकोस, सगळे शेअरमध्ये घाल. ॲपवर ब्रोकर वर आणखी पैसे देतो, घरकर्जावर टॉप-अपही मिळेल. एप्रिलपासून त्याचे पैसे ४० टक्क्यांनी वाढलेत म्हणे. शाळेतल्या टेलिग्राम ग्रुपवर रोज नवी नावं येतात. बाजार रोज नवा उच्चांक करतोय. आता पैसे घालू की पडायची वाट बघू? की मीच मागे पडतेय?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. थांबून राहू नका आणि सगळे घालूही नका. बारापैकी सहा लाख शेअर बाजारात जाऊ द्या, तेही दहा-अकरा महिन्यांत. टॉप-अप कर्ज घ्यायचं नाही, ब्रोकरचे पैसे वापरायचे नाहीत. आणि यातलं काहीही करण्याआधी एका चार्टर्ड अकाउंटंटला भेटा, कारण त्या बारा लाखांतले सगळे तुमचे आहेत की नाहीत हेच अजून ठरलेलं नाही.

शेतजमीन विकली म्हणजे कर नाही, असं गावात सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. प्राप्तिकराच्या दृष्टीनं 'ग्रामीण' असलेल्या शेतजमिनीवरच कर नसतो. जमीन नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीबाहेर असली तरी ती हद्दीपासून किती लांब आहे ते बघतात. शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६ किलोमीटर, त्याहून मोठं शहर असेल तर ८ किलोमीटर. अंतर रस्त्यानं नाही, सरळ रेषेत मोजतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती, म्हणून तुमच्यासाठी आकडा ६ किलोमीटर. जमीन त्याच्या आत असेल तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीसाठी दोन पर्याय आहेत, महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा लावून २० टक्के. जो कमी बसेल तो. वारसाहक्काची जुनी जमीन असल्यामुळे १ एप्रिल २००१ रोजीची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागेल. कर वाचवणारे सरकारी कंपन्यांचे रोखे घ्यायचे असतील तर व्यवहारापासून सहा महिन्यांची मुदत असते. पैसे येऊन तुमचे चार महिने गेलेत. म्हणून घाई असेल तर ती इथं आहे, शेअरमध्ये नाही.

दुसरं, बँकेत ठेवीवरचा विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट पाच लाखांपर्यंतच मिळतो. सहकारी बँकेलाही तो लागू आहे, पतसंस्थेला नाही. बारा लाख एकाच खात्यात म्हणजे सात लाख विम्याबाहेर. आजच तीन बँकांत विभागा, पुढचं सगळं होईल तेव्हा होईल.

आता सहा लाखच का. तुमचे पैसे कधी लागणार आहेत ते बघून उलटीकडून हिशेब केला. सहा महिन्यांचा घरखर्च २ लाख १० हजार होतो, त्यातले ४० हजार आहेत, म्हणून १ लाख ७० हजार बाजूला. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांची फी ३ लाख. ती दोन आणि तीन वर्षांच्या दोन मुदत ठेवींत. होस्टेल, लॅपटॉप, प्रवेशाच्या वेळची धावपळ आणि तिसऱ्या वर्षाच्या फीचा हातभार म्हणून आणखी १ लाख ३० हजार. उरतात सहा लाख. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची बाकीची फी महिन्याच्या वीस हजारांतून निघते. जमिनीवर कर बसला तर तो या सहा लाखांतूनच कमी करा, फीच्या पैशातून नाही.

पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको, हे सगळेच सांगतात. पण का, ते आकड्यांत बघा. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. त्या वेळीही रोज नवे उच्चांक होत होते. १४ महिन्यांनी, ९ मार्च २००९ ला तो ८,१६० होता. शंभराचे एकोणचाळीस. २०१० च्या दिवाळीत तो जुन्या पातळीला शिवून आला, पुन्हा घसरला, आणि तिथून पक्का वर निघायला २०१३ चं अखेर उजाडलं. जानेवारी २००८ मध्ये ज्यांनी मुलांच्या २०१० च्या फीचे पैसे घातले, त्यांची निवड चुकली असेलच असं नाही. तारीख मात्र चुकलीच. नंतर बाजार किती वाढला याचा त्यांना उपयोग नव्हता, कारण फी भरायला मध्येच विकावं लागलं.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न हा : माझे बाजारातले पैसे उद्या निम्मे झाले तर मला काही विकावं लागेल का? सहा लाख आणि आत्ताचे साडेतीन मिळून साडेनऊ लाख. निम्मे झाले तर पावणेपाच लाखांचा खड्डा पडेल. वाईट वाटेल, झोप उडेल, पण फी बँकेत आहे, पगार चालू आहे, हप्ता जातोय. विकायची वेळ येणार नाही. आता भावाच्या सल्ल्यानं बघा. बारा लाख, आत्ताचे साडेतीन, वर पाच लाखांचं टॉप-अप, एकूण साडेवीस लाख. निम्मे झाले तर सव्वादहा उरतात, त्यातले पाच बँकेचे, आणि दोन वर्षांनी फी दारात उभी. दोन्हीकडे शेअर तेच असू शकतात. फरक फक्त रकमेचा आहे.

"मग पडायची वाट बघते," असं तुम्हाला वाटेल. तेही तितकंच महाग पडू शकतं. जानेवारी २००४ मध्ये सेन्सेक्स सहा हजारांवर गेला तेव्हा तो खूप चढलाय असंच म्हणत होते, कारण वर्षभरापूर्वी तो तीन हजारांच्या आसपास होता. मे २००४ मध्ये निवडणूक निकालानंतर तो सव्वाचार हजारांपर्यंत आपटला. तिथं खरेदी करण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं, बाकीचे 'अजून पडेल' म्हणून थांबले. मे २००६ मध्ये १२,६०० वरून महिनाभरात ८,९०० वर आला, तब्बल २९ टक्के. तेजी चालू असतानाच्या या घसरणी आहेत, त्यानंतर दीड वर्षात तो एकवीस हजारांवर गेला. आणि ऑक्टोबर २००८ च्या त्या भयंकर घसरणीचा तळ ७,७०० च्या आसपास होता, म्हणजे २००४ मध्ये 'महाग' म्हणून सोडलेल्या सहा हजारांच्याही वर. घसरण येणार हे नक्की असतं. ती आजच्या भावाच्या खाली येईल का, हे नक्की नसतं. वाट बघणारा माणूस नेमका हा दुसरा भाग विसरतो.

म्हणून असं करा. दोन लाख आत्ता. चार लाख एखाद्या लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा म्युच्युअल फंड) ठेवा आणि तिथून दर महिन्याला ४० हजार आपोआप इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) जातील अशी सोय, म्हणजे एसटीपी, लावा, दहा हप्ते. लिक्विड आणि इंडेक्स दोन्ही फंड एकाच फंड कंपनीचे असावे लागतात, एवढं आधी बघा. निफ्टी त्याच्या उच्चांकापासून दहा टक्के खाली बंद झाला तर पुढचे दोन हप्ते एकदम घाला. वीस टक्के खाली आला तर उरलेले सगळे. अशी संधी दुर्मीळ नसते : २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीनं २६,२७७ गाठला आणि ७ एप्रिल २०२५ ला तो २१,७४३ पर्यंत उतरला, सुमारे सतरा टक्के. हे नियम आजच वहीत लिहून ठेवा, कारण निफ्टी खरंच पडेल त्या दिवशी टीव्हीवर जे सांगत असतील ते ऐकून हप्ता बंद करावासा वाटेल. निव्वळ गणितानं बघितलं तर बाजार जास्त वेळा वर जात असल्यामुळे एकरकमी घालणाऱ्याचा सरासरी फायदा थोडा जास्त निघतो. तरी तुम्हाला हप्ते सुचवतोय, कारण आयुष्यात एकदाच आलेली रक्कम पहिल्याच वर्षी एक चतुर्थांश कमी झाली तर बहुतेक लोक बाजार कायमचा सोडतात.

फंड कोणता? चार भागांतले तीन निफ्टी ५० मध्ये, एक निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये, म्हणजे त्यानंतरच्या पन्नास मोठ्या कंपन्यांत. डायरेक्ट प्लॅन (मध्ये एजंट नाही), ग्रोथ पर्याय (नफा फंडातच राहतो). या फंडांचा वार्षिक खर्च साधारण पाव टक्क्याच्या आत-बाहेर असतो. दोन फंडांत तुलना करताना गेल्या वर्षाचा परतावा बघू नका, निर्देशांकापेक्षा फंड किती मागे राहिला ते बघा. तेच त्याचं काम. स्मॉलकॅप म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडाचा मोह तेजीत फार होतो, कारण गेल्या वर्षाचे आकडे तिथंच सगळ्यांत देखणे दिसतात. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळात निफ्टी स्मॉलकॅप १०० निर्देशांक साठ टक्क्यांहून जास्त घसरला, आणि त्यातली बरीच घसरण करोना यायच्या आधीच झाली होती. निफ्टी ५० मात्र त्याच काळात, जानेवारी २०२० मध्ये, नव्या उच्चांकावर होता. मार्च २०२४ पासून स्मॉलकॅप आणि मिडकॅप फंडांना ताणचाचणी जाहीर करावी लागते : फंडातले निम्मे शेअर विकायला किती दिवस लागतील. तो आकडा वाचला की या फंडांचा स्वभाव कळतो. सध्या सोडा.

आता तुमचे एकोणीस शेअर. साडेतीन लाखांसाठी एकोणीस फार होतात. एवढ्या कंपन्यांचे तिमाही निकाल कुणी वाचत नाही. आठ-दहावर आणा. कोणते ठेवायचे हे खरेदीच्या भावावरून ठरवू नका. "मुद्दल सुटलं की विकीन" या वाक्यानं जितके पैसे अडकलेत तितके क्वचितच दुसऱ्या कशानं अडकले असतील. शेअरला तुमचं मुद्दल माहीत नसतं. आज हातात रोख असती तर याच भावाला हा घेतला असता का, एवढंच विचारा.

तपासणी अशी करा. एका कंपनीला तासभर द्या, रविवारी दोन कंपन्या, दोन-अडीच महिन्यांत सगळ्या होतात. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की शेअरहोल्डिंग पॅटर्न सापडतो, दर तिमाहीला नवा येतो. त्यात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांनी, स्वतःचे किती शेअर गहाण ठेवलेत तो रकाना असतो. गहाण वाढत चाललं असेल तर तिथंच थांबा. भाव पडला की सावकार ते शेअर बाजारात ओततो, आणि भाव आणखी पडतो. मग वार्षिक अहवाल उघडा, रोख प्रवाहाचा तक्ता काढा. पाच वर्षांचा निव्वळ नफा एकीकडे बेरीज करा, पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोख दुसरीकडे. नफा १०० कोटी आणि रोख ३० कोटी असेल तर उरलेले ७० कुठं आहेत? बहुतेक वेळा येणेबाकीत किंवा न खपलेल्या मालात. विक्री वीस टक्के वाढली आणि येणेबाकी पन्नास टक्के, तर माल उधारीवर ढकलला जातोय. तेजीत अशा कंपन्यांचे शेअरच जोरात पळतात, कारण विक्रीचा आकडा छान दिसतो. बँका आणि फायनान्स कंपन्यांना ही कसोटी लावू नका. तिथं थकीत कर्जाचं प्रमाण आणि त्यासाठी केलेली तरतूद बघावी लागते. लेखापरीक्षकानं मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर कारण काहीही लिहिलेलं असो, बाहेर पडा.

पीईबद्दल थोडं सविस्तर, कारण तेजीत खरा घोळ इथं होतो. समजा शेअर ६०० रुपयांना आहे, एका शेअरमागे नफा १० रुपये, म्हणजे पीई ६०. कंपनी चांगली आहे, नफा वर्षाला १५ टक्क्यांनी वाढतो. पाच वर्षांत तो दुप्पट, २० रुपये होतो. पण तोवर उत्साह ओसरला आणि लोक ३० पीई द्यायला लागले, तर भाव किती? वीस गुणिले तीस, सहाशे. कंपनीनं सगळं नीट केलं आणि तुम्हाला पाच वर्षांत काही मिळालं नाही. चांगली कंपनी आणि चांगली गुंतवणूक यांत हा फरक असतो. उलटा सापळा साखर, पोलाद, जहाज वाहतूक अशा चढ-उताराच्या धंद्यांत असतो. तिथं पीई ६ दिसतो, 'स्वस्त' वाटतो, पण तो स्वस्त दिसतो कारण नफा शिखरावर आहे. तुमच्या भागात साखर कंपन्यांचे शेअर घेणारे पुष्कळ आहेत, ऊस समोर दिसतो म्हणून धंदा कळतो असं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि हे शेअर त्याच दिवशी घसरले. ऊस किती उभा आहे यावर नफा ठरत नव्हता, सरकारी आदेशावर ठरत होता. निर्देशांकाचा पीई बघत असाल तर एक लक्षात ठेवा : राष्ट्रीय शेअर बाजारानं (एनएसई) मार्च २०२१ अखेरपासून तो उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली. त्याआधीचे आकडे वेगळ्या पद्धतीचे आहेत. जुना-नवा एकाच आलेखावर ठेवून कुणी 'बाजार स्वस्त' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

तो १ लाख ३० हजार झालेला शेअर तुमच्या साडेतीन लाखांतला सदतीस टक्के आहे. वाढला म्हणून विकायचा नाही, वाढणारे विकून पडलेले सांभाळणं ही सगळ्यांत जुनी चूक आहे. पण एकाच कंपनीवर इतका भार नको. अर्धा विका. घेऊन बारा महिन्यांहून जास्त झाले असतील तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही; अर्ध्यावरचा नफा ४५ हजार, कर शून्य. बारा महिने झाले नसतील तर २० टक्के, म्हणजे ९ हजार आणि वर उपकर. अकरा महिने झालेत आणि कंपनीत काही बिघडलेलं नाही, तर महिनाभर थांबणं परवडतं. तोट्यातले जे काढून टाकाल त्यांचा हिशेब ठेवा. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. शिक्षकांची विवरणपत्रं बऱ्याचदा शाळेच्या क्लार्कच्या ओळखीतला माणूस एकगठ्ठा भरतो आणि त्यात शेअरचे व्यवहार दाखवायचेच राहतात. या वर्षी ते स्वतः बघा.

विकताना-घेताना लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे भाव तुम्ही ठरवायचा. छोट्या कंपनीत मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकली तर स्क्रीनवर २०० दिसत असताना २०६ ला खरेदी होते.

ब्रोकरचे 'आणखी पैसे' म्हणजे एमटीएफ, शेअर घ्यायला ब्रोकरकडून व्याजानं उधारी. तुमचे एक लाख, ब्रोकरचे दोन, तीन लाखांचे शेअर. व्याज १४ टक्के धरलं तर वर्षाला २८ हजार, म्हणजे तुमच्या स्वतःच्या एक लाखावर २८ टक्के भाव वाढण्याआधीच गेले. शेअर वीस टक्के पडला, साठ हजार गेले, तुमचे चाळीस उरले. आता ब्रोकर म्हणेल, आणखी मार्जिन भरा. तुम्ही वर्गात, फोन दप्तरात. दुपारी बघाल तेव्हा त्यानं शेअर विकलेले असतील, त्या दिवसाच्या सगळ्यांत खालच्या भावाच्या आसपास. घसरणीत थांबून राहता येणं हीच साध्या गुंतवणूकदाराची ताकद आहे, आणि उधारी नेमकी तीच काढून घेते. टॉप-अपचंही तेच, फक्त हप्ते दहा-पंधरा वर्षं. उलट सहा लाखांतले काही घरकर्जात भरावेसे वाटले तर जरूर भरा; साडेआठ टक्के वाचणं पक्कं आहे, त्यावर करही नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांचं, भाऊ काही म्हणाला नाही, पण ग्रुपवर येईलच. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब काढला, त्यात ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. त्यानंतरच्या वर्षातही प्रमाण ९१ टक्के. तिकडे जायचं नाही.

टेलिग्रामवरची नावं कशी चालतात तेही समजून घ्या, म्हणजे राग न येता दूर राहता येईल. कमी खपाचा एखादा शेअर काही मंडळी आधी गोळा करून ठेवतात. मग नाव पसरतं. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट (त्या दिवशी भाव याहून वर जाऊ शकत नाही) लागतं, तुम्ही ऑर्डर टाकता, मिळत नाही, कारण विकायला कुणी नाही. हाव वाढते. मग एक दिवस ऑर्डर सहज भरते. तो त्यांचा विक्रीचा दिवस असतो. दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट, आता घ्यायला कुणी नाही. रोज पाच टक्के असं दहा दिवस चाललं तर शंभराचे साठ उरतात. यात स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विक्री) कामाला येत नाही, कारण समोर खरेदीदारच नसतो. शिफारस करणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा : संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए नं सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून नाव जुळतंय का बघा. कुणी दुसरं ॲप उतरवायला सांगितलं किंवा वैयक्तिक खात्यात पैसे मागितले, तर ती सरळ फसवणूक आहे.

आयपीओला (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला) अर्ज करायला हरकत नाही, पैसे तुमच्याच खात्यात अडवलेले राहतात. पण ग्रे मार्केटचा, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत सौद्यांतला, प्रीमियम कुठल्याही अधिकृत बाजाराचा भाव नसतो. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा शेअर ४५० रुपयांना आला, किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० ला. कित्येक पट अर्ज आले, लोकांनी कर्ज काढून भरले. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तो ३७२ च्या आसपास बंद झाला. अर्ज करताना एकच बघा : पैसे कंपनीच्या धंद्यात जाणार आहेत की जुने भागधारक आपले शेअर तुम्हाला विकून बाहेर पडतायत.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मागे पडतेय का. भावाचे ४० टक्के किती रुपयांवरचे आहेत ते विचारा. पन्नास हजारांवर ४० टक्के म्हणजे वीस हजार. त्याच्या एफडी, सोनं, भविष्यनिर्वाह निधी सगळं धरून तो किती वाढला, विकून टाकलेले तोट्याचे शेअर त्यात धरलेत का? बहुतेक लोक जिंकलेल्या शेअरचीच टक्केवारी सांगतात, आणि खोटं बोलायचं म्हणून नाही, त्यांना तेवढीच आठवते. त्याच्याशी वाद घालू नका.

एकदा बसवलं की वर्षातून एकदाच हात लावा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. सगळ्या पैशांत शेअर आणि इंडेक्स फंडांचा वाटा किती झाला ते मोजा. आज तुमच्या ठेवी आणि रोख मिळून सहा लाख चाळीस हजार, शेअरबाजारात साडेनऊ जाणार, म्हणजे साधारण साठ टक्के. बाजार चढून तो सत्तरवर गेला तर सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा वापरून जादा विका आणि मुदत ठेवीत टाका. पन्नासवर आला तर महिन्याच्या वीस हजारांतून भर घाला. फी भरायला ठेवी मोडाल तेव्हा टक्केवारी आपोआप बदलेल, त्या वर्षी घाबरून काही विकू नका.

या आठवड्यात तीन कामं : जमिनीचं खरेदीखत आणि सातबारा घेऊन सीएकडे, बारा लाख तीन बँकांत, आणि डीमॅट खात्यावर नॉमिनी लावलाय का ते बघणं. सीएनं कराचा आकडा लेखी दिला की मगच पहिले दोन लाख.